ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्या गावाला

स्वारगेटला एसटीत बसले आणि शेजारच्या काकूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "कुणाकडे निघालात?"

आली का पंचाईत! मला खरंच माहीत नव्हतं. ज्या माणसाला भेटायला निघाले होते त्याचं नाव, वय, घर, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बाई आहे की पुरुष हेसुद्धा नाही. ठाऊक होतं ते फक्त गाव. "कॉलेजच्या कामाला," असं काहीतरी पुटपुटले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. काकूंना ते पटलेलं नव्हतं. शिरवळ येईपर्यंत त्या माझ्या पिशवीकडे बघत होत्या.

काम काय ते आधी सांगून टाकते. पुण्यातल्या एका कॉलेजात मी संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते. तिथे इरा नावाची मुलगी निनावी निरोपांच्या जाळ्यावर पीएच.डी. करतेय. म्हणजे असं की, निरोप एका पाकिटात घालायचा, ते पाकीट दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात, आणि वेगवेगळ्या तीन यंत्रांकडून पुढे सरकवायचं. प्रत्येक यंत्र आपल्यापुरतं पाकीट फोडतं, पुढचा पत्ता बघतं आणि ढकलून देतं. कुणी पाठवलं आणि कुणाला पोचलं, ही दोन्ही टोकं कुठल्याच यंत्राला कळत नाहीत. जाडीवरून ओळखू नयेत म्हणून पाकिटंही सगळी एका मापाची. तरी एक भोक राहतंच. दोन्ही टोकांना कुणी घड्याळ घेऊन बसलं, तर नुसत्या वेळा जुळवून माणूस पकडता येतो. इराचं सगळं संशोधन त्या भोकावर चाललंय.

तिला हवा होता असं जाळं खऱ्या गरजेपोटी वापरलेला माणूस. सांगली जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्वभागातल्या एका गावात, रानातल्या रस्त्यावर एक गाडी यायची. पोटात मुलगा आहे की मुलगी, ते यंत्रावर बघून सांगणारी. कुणीतरी या जाळ्यातून खबर दिली आणि गाडी पकडली गेली. खबर कुणी दिली, ते गाव अजून शोधतंय. ज्यांना ती खबर मिळाली होती त्यांनी इराची विनंती त्याच वाटेनं उलटी पाठवली, आणि उत्तर आलं: 'सांगायला हरकत नाही. पण विचारणारं माणूस आधी डोळ्यांनी बघणार. गावात या, घरोघरी जा, सगळ्यांशी बोला. मी तुम्हाला बघेन. तुम्ही मला शोधायचं नाही. नाव फुटलं तर मला या गावात राहता येणार नाही.'

इरा पडली नागपूरची. "मॅडम, तुमचं माहेर कराडकडचं, तुम्हाला तिकडचं बोलणं कळतं," असं गोड बोलून तिनं ते काम माझ्या गळ्यात मारलं.

साताऱ्याला उतरावं लागलं, कारण तिथल्या एका कॉलेजात आमचं पाकिटं ढकलणारं एक यंत्र ठेवलंय, जेवणाच्या डब्याएवढं, आणि ते मध्येच मुकं झालं होतं. जाऊन बघते तो काय! त्याचा प्लग उपटून तिथे विजेची किटली लावलेली. शिपाईमामा अगदी निवांत.

"आवं, ते नुस्तंच लुकलुकत हुतं. कुणाचं काय काम करतंय तेच दिसंना, मग काढून ठेवलं."

"कुणाचं काम करतंय ते दिसू नये म्हणूनच ठेवलंय हो ते!" मी कपाळावर हात मारला. ते हसले, मीही हसले, आणि त्याच किटलीतला चहा पिऊन निघाले. कंदी पेढे घेतले, पण एकही खाववेना. पुडा तसाच पिशवीत टाकला.

कराडला लागून असलेल्या मलकापूरला गाडी थांबली तेव्हा मी ओढणी डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतली. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. कुणी बघितलं असतं तर भावाला फोन गेला असता, भाऊ मोटारसायकल काढून आला असता, आणि 'कुणाकडे निघालीस' हे सगळं नव्यानं सुरू झालं असतं. आपल्याच मुलखातून चोरासारखं जायचं, याचा मला भयंकर राग येत होता. पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत एसटी अडकली. इस्लामपूरला मुक्कामाला पोचले तोवर जीव मेटाकुटीला आला होता. खोलीवर भडंगाची पुडी फोडली आणि येरझाऱ्या घालत घालत संपवली.

इस्लामपूरनंतर मी कुठली एसटी धरली, कुठल्या फाट्यावर उतरले, ते सांगणार नाही. प्रवासवर्णनात गावाचंच नाव नाही, हे मला कळतंय, पण इलाज नाही. एवढं सांगते की ऊस मागे राहिला, मग नुसता माळ, बाभळी, मेंढरांचे कळप आणि डोळ्यांत जाणारी धूळ. गावात निम्मी घरं मेंढपाळांची. आता तीही शेती करतात.

फाट्यावरच्या टपरीत एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, मनगटावर मोठं घड्याळ.

"कुणाकडं आलाय?"

"सगळ्यांकडे," मी म्हणाले. "बायका मोबाईल कसा वापरतात त्याची माहिती घ्यायचीय. कॉलेजचं काम आहे." ते खोटं नव्हतं. इराला तीही माहिती हवीच होती.

"सगळ्यांकडं? आसं कुठं आसतंय व्हय?" ते उठले. "चला, मी दावतो घरं. एकट्या कुठं हिंडताय उनाचं." आणि टोपी आणायला आत गेले.

टपरीवाला माझ्याकडे वाकला. "हे बापू. पकडल्याल्या गाडीचा डायवर ह्यांचा मेव्हणा हाय. जरा जपून, ताई."

म्हणजे घड्याळ घेऊन बसणारा माणूस आता माझ्याबरोबर दारोदार हिंडणार! नको म्हणावं तर संशय. हो म्हणावं तर, ज्या घरी मी चार मिनिटं जास्त बसेन ते घर गेलंच म्हणून समजा. परत फिरावंसं वाटलं. पण परत फिरले असते तर खबर देणाऱ्या माणसानं मला बघितलं नसतं, आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं.

तेव्हा मी आमच्या पाकिटांचंच केलं. सगळी एका मापाची. प्रत्येक घरी तेच प्रश्न, त्याच क्रमानं, एक कप चहा, आणि चहा संपला की उठायचं. कुणी 'बसा की वं' म्हटलं तरी उठायचं. मला एरवी घटकाभर एका जागी बसवत नाही, आणि इथे न उठता, न रेंगाळता, अगदी बेतानं बसायचं! गुळाचा चहा, शेळीच्या दुधाचा चहा, आलं घातलेला, करपलेला. दुपारपर्यंत चहाचा नुसता वास आला तरी मळमळायला लागलं. बापू प्रत्येक उंबऱ्याशी उभे. एकदा म्हणालेच, "मी बगतोय, म्याडम कुठं लय येळ बसत्यात."

"बघा की," मी म्हणाले. आणि पुढच्या घराकडे वळले.

एका घरी सासूबाईंनी विचारलं, "फोनवरलं आपलं बोलनं कोन आयकतं का वं?" दुसऱ्या घरी एक बाई काहीच बोलली नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि गावाच्या टोकाला एक सून, पोटुशी. माझा कप रिकामा झाला तसा तिनं पदर तोंडाशी धरला.

"म्याडम, याक इचारू का?"

दारात बापू खाकरले. तिचे डोळे भरलेले होते. विचार गं बाई, विचार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या आशाताईंना विचारा, त्या नीट सांगतील." आणि उठले. इतकं वाईट मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ती कदाचित नुसतं डोहाळ्यांबद्दल विचारणार होती. कदाचित नाही. मी उठले ते उठलेच.

जेवायला बापूंनी सोडलंच नाही. त्यांच्याच घरी बाजरीची भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज). माडगं इतकं झकास होतं की भीती विसरून मी दोनदा मागून घेतलं. त्यांची बायको आग्रह करत होती, बापू खाली मान घालून जेवत होते. मग एकदम म्हणाले, "सगळ्यात लय येळ तुमी आमच्यात बसला की."

मला ठसकाच लागला.

संध्याकाळच्या एसटीला बसवायला ते फाट्यापर्यंत आले. "घावलं का तुमास्नी पायजे ते?"

"मी काही शोधायला आलेच नव्हते."

"बरं," ते म्हणाले. "माज्या दोगी लेकी सांगलीला शिकत्यात. त्यास्नी सांगतो, म्याडम आल्त्या म्हनून." गाडी सुटली. धमकी होती की निरोप, ते मला काही केल्या कळेना.

पुण्याला आल्यावर दिवस जाता जाईनात. कुणी येताना जाताना हाक मारली तरी मी दचकायचे. माझ्यामुळे कुणाचं काही झालं तर नसेल? विचारणार कुणाला? डोक्यात तीच घरं फिरायची. ती सासू. ती न बोलणारी बाई. ती पोटुशी सून. आणि एका सकाळी बादली भरता भरता एकदम सुचलं, अगं, बापू का नसतील? दिवसभर मला सगळ्यात जास्त निरखलं कुणी? बादली भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी इरानं मला हाक मारली ती ओरडूनच. पडद्यावर दोनच शब्द होते.

'ओळखलंत का?'

आमच्याकडे लग्नात, बाजारात, एसटीत, कुणीही खांद्यावर हात ठेवून हे विचारतं, आणि ओळखलं नसलं तरी आपण तोंडभर हसून 'वा, असं कसं ओळखणार नाही' म्हणतो. नाही म्हटलं तर समोरच्याचं तोंड उतरतं. लहानपणापासून मला हेच शिकवलंय. आणि खरं सांगते, मला विचारायचं होतं, तुम्हीच का त्या? रडत होतात ना? बोटं नुसती शिवशिवत होती. इरा हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, अंदाजसुद्धा लिहू नका."

मी लिहिलं, 'नाही.'

पडद्यावर उमटलं, 'खरंच?'

'खरंच. कुणीही असू शकाल. मला नाही सांगता येणार.'

तिकडे कुणीतरी, सुनेनं, सासूनं की बापूंनी, सुटकेचा श्वास टाकला असेल. मला तो ऐकू आला नाही, माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

मग उत्तर उमटलं: 'बरं झालं. आता विचारा.'