शंकरप्पांची पुसलेली गिटार

लातूर वेगळा जिल्हा झाला, पण रेणापूरच्या आडांना पाणी काही आलं नाही. सगळं आटलं, शंकरप्पा कापडवाल्यांची ऐट तेवढी आटली नव्हती.

त्यांनी हैदराबादहून गिटार आणली होती. काळीभोर, आरशासारखी. वाजवायला येत होती का? एक धून, तीही अर्धी. पण रोज दुकान उघडलं की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ते उपरण्याच्या टोकानं तिला खसाखसा पुसायचे. त्या दुष्काळात रस्त्यावरची धूळ दुकानात आणि दुकानातली उपरण्यावर. तीच ते निष्ठेनं गिटारीवर घासत होते. वर्षभरात तिच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं. लोकांच्या गिटारी वाजवून झिजतात, यांची पुसून झिजली.

अशात नव्या जिल्ह्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम ठरला. शंकरप्पांनी आपलं नाव आपणच नेऊन दिलं आणि गावभर सांगितलं, "स्टेजवर वाजवणार हाय. समद्यांनी या लातूरला." मग उन्हात गिटार बघितली आणि तोंड उतरलं. धून अर्धीच येते याची काळजी नाही, ओरखडे दिसतील याची!

घरी देवाची चांदी विभूतीनं घासायची चाल. शंकरप्पांनी तीच विभूती उचलली.

"तांब्याभर पाणी दे गं."

"प्यायला न्हाई, अन् माझ्या सवतीला आंघोळ?" सिद्धम्मा आतून म्हणाली. "टँकर उद्या येतोय."

मग कोरडीच घासली. सांजेपर्यंत गिटारीच्या पोटावर पांढुरका पट्टा उमटला, जशी काही तिनंही दीक्षा घेतली.

शेवटी मारोतीकडं नेली. तो सरकारी जीपगाड्या रंगवायचा. नव्या जिल्ह्यात गाड्या वाढल्या, तशी त्याची मिजासही.

"अप्पा, हे जातं हाय का टाकी लावायला?" तो खेकसला. "भस्म कपाळाला लावतेत."

त्यानं ओलसर फडक्यानं धूळ टिपली. मऊ कापडावर गाड्यांचा रंग चकाकवायचं बारीक रबिंग बोटभर घेतलं आणि हलक्या हातानं गोल गोल फिरवलं. मधेच पुसून बघायचा, पुन्हा फिरवायचा. शंकरप्पांनी हात पुढं केला तर म्हणाला, "तुमचा दाब नको. वरचा थर गेला की खालचं लाकूड हसंल." खोल ओरखडे होते ते दोन-तीन राहिले, बाकी सगळे गेले. वरून मेण चोळल्यावर शंकरप्पांना गिटारीत स्वतःचं तोंड दिसलं आणि जन्माचं सार्थक झालं.

कार्यक्रमासाठी नवी सफारी, समोर पितळी बटनं. स्टेजवर दिवे लागले, तबला सुरू झाला, आणि बटन गिटारीला घासणार हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी गिटार पोटापासून वीतभर लांब धरली, दुसऱ्याचं ओलं पोरगं धरावं तशी. दोन्ही हात धरण्यातच गुंतले. तारा कोण छेडणार?

"अप्पा, जवळ घ्या की तिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बटन लागतंय ना!" शंकरप्पा माइकमध्येच बोलले.

मंडप हसून लोळला. बायकांतून सिद्धम्मा उठली. "अवो, सफारी काढा, पन वाजवा एकदाचं!"

तबलजी कंटाळून थांबला. एकही सूर न काढता शंकरप्पा खाली उतरले.

परतीच्या एसटीत गिटार मांडीवर घेऊन ते शेजारच्या मारोतीला म्हणाले, "बघ मारोती, एक नवा ओरखडा न्हाई पडला."

"कसा पडंल अप्पा?" मारोती म्हणाला. "त्याला वाजवावं लागतंय."