डब्यातला गॅम्बिया
संकष्टीला दाणे भाजायला घेतले की त्या वासाने मला आखातातल्या हूरा भागातल्या हॉटेलची लाँड्री आठवते. इस्त्रीच्या वाफेने तिथल्या भिंती कायम ओल्या असायच्या आणि मी आणि माझ्यासोबत इस्त्री करणारी मैत्रीण उपड्या टोपल्यांवर बसून जेवायचो. एका संकष्टीला सुपरवायझर तिला पुन्हा ‘झांबियावाली’ म्हणाला होता. ती होती गॅम्बियाची. ‘खलास, मी घरी जाते,’ म्हणत ती डबा न उघडताच बसून राहिली. मी माझे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पुढे केली. एक घास घेऊन ती मोडक्या हिंदीत ओरडली, “ही तर आमची! आम्ही यात मटण घालतो.” मी दचकून म्हटलं, “अगं, माझा उपवास आहे!” “हा उपवास? आम्ही रोज्यात पाणीसुद्धा पीत नाही, आणि तू मेजवानी झोडतेस?” ती हसत सुटली, मग मलाही आवरेना. हसू ओसरल्यावर तिने चमच्याने वरीतून वाकडीतिकडी वाट काढली आणि तीत आमटी सोडली. “ही आमची नदी. हे दोन काठ, त्यांवर भुईमूग. एका टोकाला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना दुसऱ्यांचा देश. एवढाच आहे, पण झांबिया नाही.” मला माझं खाडीकाठचं गाव दिसलं. त्या उन्हाळ्यात ती खरंच घरी गेली. अजूनही संकष्टीला मी ताटात तशीच नदी काढते. लेक इंग्रजीत दटावते, “आई, डोन्ट प्ले विथ युअर फूड.” खेळत नाहीये गं, जरा मैत्रिणीकडे जाऊन येते.