उजवा मोर, डावा मोर

चिमणाबाईंच्या कानात कधी बघावं तर जत्रेतले टॉप, महिन्याभरात काळे पडणारे. आणि नवरा कोण, तर गुजरीच्या सराफ बाजारामागच्या गल्लीतले बाळासो सोनार. त्यांच्या हातचे कानातले मोर घालून किती पोरी बोहल्यावर चढल्या त्याचा हिशेब नाही. आता ह्याला काय म्हणायचं? चिमणाबाई म्हणायच्या, नशीब. पुढं आणखीही बरंच म्हणायच्या, ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण त्यांच्या राजनंदिनीला बघायला कसबा बावड्याची मंडळी आली, पोरगी पसंत पडली, आणि होणाऱ्या विहीणबाई चहाचा कप हातात धरून चिमणाबाईंकडं वळल्या.

"तुमच्या मालकांच्या हातचं काय घातलंयसा, ईनबाई? लई नाव ऐकलंय त्यांचं."

चिमणाबाईंनी पदर सारखा करायचं निमित्त करून कान झाकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

मंडळी गेल्यावर कपबशा न विसळताच त्या नवऱ्याच्या कामाच्या पाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाळासो फुंकणी तोंडाला लावून कुणाचीतरी तुटलेली कुडी झाळत बसले होते.

"रविवारी पोरीची सुपारी फोडायची हाय. माझ्या कानात तुमच्या हातची जोडी नसली, तर मी सैपाकघरातनं भायेर येणार न्हाय. पोरीची आई कुठं हाय म्हणून इचारलं तर तुमीच सांगा काय सांगायचं ते."

"करतो की," बाळासो म्हणाले.

हे 'करतो की' चिमणाबाई लग्न झाल्यापासून ऐकत आल्या होत्या.

बाळासोंची कामाची एक रीत होती, वडिलांकडून आलेली. मोर दोन्ही कानांत तोंडाकडं बघणारा पाहिजे. म्हणजे एक दुसऱ्याच्या उलटा. त्यासाठी आधी उजवा करायचा, मग तो छोट्या आरशासमोर ठेवायचा आणि आरशात बघत डावा घडवायचा. आपल्या हातनं वाकडं काम गेलं असं त्यांनी जन्मात कधी कबूल केलं नव्हतं. पेढीवाल्या सराफानं एकदा चोच बारीक झालीय म्हटलं, तर महिनाभर त्याच्या पेढीची पायरी चढले नव्हते.

आणि खरंच, ह्या खेपेला उजवा मोर झाला. चांदीचा, पिसाऱ्यावर बारीक दाण्यांचा रवा बसवलेला. चिमणाबाईंनी तो कानाला लावून बघितला आणि डबीत कापसावर ठेवला. जीव जरा भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी त्या निश्चिंत मनानं भाजी आणायला गेल्या.

तेवढ्यात गडमुडशिंगीची अंबूबाई आली, जुनं गिऱ्हाईक. तिच्या कानातला एक मोर एसटीत कुठंतरी पडला होता. लेकाचं लग्न तोंडावर, आणि ही दारातच रडायला लागलेली. बाळासोंनी तिचा राहिलेला मोर हातात घेतला. तो डावा निघाला, त्यांनीच कधीकाळी केलेला, त्याच साच्यावरचा. एकटा मोर दिसला की ह्या माणसाला चैन पडायचं नाही. त्यांनी डबी उघडली.

चिमणाबाई मेथीची पेंडी घेऊन परत आल्या तर डबीत नुसता कापूस.

"कुठाय?"

"बाई रडत हुती," बाळासो म्हणाले. "जोडी लागली बरुबर. काय सुदीक फरक न्हाय."

चिमणाबाई मेथी घेऊन तिथंच खाली बसल्या. "ती रडली म्हणून दिला. मी रडत न्हाय म्हणून माझं काय दुखत न्हाय व्हय? जगाच्या कानात घालतासा आणि बायकोच्या कानाची तेवढी आठवण हुत न्हाय. आता मी काय घालू? मेथी लोंबवू कानात?"

"दोन करतो की आता."

बोलायला नको. शुक्रवारभर त्यांनी उजवा पुन्हा केला. चोच मनासारखी झाली नाही म्हणून मोडला, परत केला. मधे गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी पन्हाळ्यावरच्या गर्दीच्या गप्पा. शनिवारी जेवणाच्या वेळेला एकदाचा उजवा पुरा झाला. आता डावा धरणार, तोच पेढीवरनं निरोप आला, एका नवरीच्या कुडीची दांडी तुटलीय, बाळासोंना पाठवा. हे लगेच उठले आणि टोपी घातली.

"जाऊन येतो. नवरी हाय बिचारी."

चिमणाबाईंनी संतापानं दार लोटलं आणि त्या पाटावर जाऊन बसल्या.

रवा बसवणं, तार ओढणं, उजळणं ही कामं त्या वर्षानुवर्षं करत होत्या. पण मोर कापण्यापासून कधी केला नव्हता. ते मालकांचं काम. त्यांनी साचा घेतला आणि उलटा करून चांदीच्या पत्र्यावर ठेवला. आरसा मांडला. करवत दोनदा तुटली, बोट कापलं, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. फुंकणी फुंकताना डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं का कशानं, कुणी विचारू नये. दिवेलागणीच्या आधी डावा मोर तयार झाला. तशाच उठून त्या गल्लीच्या टोकाच्या आरिफकडं गेल्या आणि दोन्हींवर सोन्याचा मुलामा चढवून आणला.

बाळासो आले तेव्हा चिमणाबाईंनी दोन्ही मोर त्यांच्या पुढ्यात ठेवले.

बाळासोंनी भिंग डोळ्याला लावलं. एक बघितला, दुसरा बघितला, परत पहिला. चिमणाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"डाव्याची मान वाईच खाली गेलीया," ते म्हणाले.

"मग त्या नवरीलाच करायची हुती तुमची बायकू," चिमणाबाई म्हणाल्या. "घालू का नगं तेवढं सांगा."

"घाल की."

बास. चांगला नाही, वाईट नाही, तू कधी शिकलीस नाही. चिमणाबाई त्या रात्री भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

रविवारी बावड्याची मंडळी आली. सुपारी फुटली, पेढे वाटले, पोह्यांच्या ताटल्या फिरल्या. विहीणबाई सरळ चिमणाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या हनुवटीला धरून कान बघायला लागल्या. उजवा बघून म्हणाल्या, "काय हात हाय, बाई." मग मान वळवून डावा बघितला. बाई नजरेच्या तिखट होत्या.

"ह्याची मान जरा खाली हाय का वो?"

राजनंदिनीनं आईकडं बघितलं, तिला सगळं ठाऊक होतं. चिमणाबाईंनी पदर कानावर ओढला. आता हा माणूस सगळ्यांसमोर खरं बोलणार, कामाच्या बाबतीत त्याला दुसरं काही येतच नाही.

बाळासोंनी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"डावा माझा," ते म्हणाले. "हात हलाय लागलाय आता. उजवा हिनं केलाय."

चिमणाबाईंनी चमकून त्यांच्याकडं बघितलं. ते खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे वेचत होते.

"आगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. "मग माझी जोडी तुमीच करायची, ईनबाई. ह्या उजव्यासारखी. लग्नात मी तीच घालणार."

"करते की," चिमणाबाईंच्या तोंडून निघून गेलं. पदर डोळ्याला लावत त्या चहा बघायला म्हणून आत गेल्या. मागोमाग बाळासोही आले, रिकामी ताटली घेऊन.

"कशाला खोटं बोललासा? आता तसला मोर मला कुठला जमतोय? माझी लाज जाणार नव्हं का त्यांच्यात?"

"जमंल. तू पाटावर बस, मी आरसा धरतो."

"आरसा धरायला तरी येळंवर या," चिमणाबाई म्हणाल्या, आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली.