शर्ट काढला नाही

"ही बाई माझ्या वॉर्डात नको."

पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर हे मला म्हणाली नाही. माझ्या डोक्यावरून वॉर्डबॉयला म्हणाली. मी दारात उभा होतो. अंगात शर्ट-पँट, ओठावर नुकती फुटलेली मिशी, हातात कपड्यांची पिशवी. मागे माझी आई, डोक्यावरचा पदर दातात धरून.

वॉर्डबॉयने मला बायकांच्या वॉर्डात नेलं. तिथे एका पेशंटची सासू ओरडली, "अहो, पुरुषाला कशाला आणलंय आत?" सगळ्या बायकांनी पांघरुणं गळ्यापर्यंत ओढली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला त्यांनी पुरुष म्हटलं होतं, हे तेव्हाही माझ्या ध्यानात आलं.

आम्ही पुन्हा पॅसेजमध्ये. तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे डॉक्टरकीचे विद्यार्थी. माझं ऑपरेशन हेच करणार होते. वॉर्डबॉयने त्यांना अडचण सांगितली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. विद्यार्थ्यांकडे पाहत म्हणाले,

"अरे, खाट इथेच टाका पॅसेजमध्ये. ना इकडची, ना तिकडची. हिला सवय असेल."

पोरं हसली. एक मुलगी हसली नाही, तिने मान खाली घातली. त्याचाही मला राग आला.

संडासाच्या दाराशेजारी खाट टाकली. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघून जायचा. काही जण मुद्दाम दोनदा जायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. ज्याच्या हातात सुरी असणार आहे त्याच्याशी भांडायचं नसतं, एवढी अक्कल गरिबाला कुणी शिकवावी लागत नाही.

मी गप्प बसलो. कारण त्या खाटेपर्यंत पोचायलाच माझं अर्धं तारुण्य गेलं होतं.

आमचं गाव खारबावच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. बाप मिठागरावर मजूर. घरात मी एकटीच मुलगी, असं सगळे म्हणायचे. मला कधीच तसं वाटलं नाही. का वाटलं नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. भूक का लागते ते तरी कुठे सांगता येतं?

शाळेत बाई भिवंडी गावातून यायच्या. इस्त्रीची साडी, स्वच्छ बोलणं. एकदा त्यांनी विचारलं, "काल का आली नाहीस?"

"ताप व्हता, म्हनून आलो न्हाय."

"आले नाही, म्हण. तू मुलगी आहेस."

"आलो न्हाय."

पट्टी. मी परत "आलो न्हाय." परत पट्टी. मग त्यांनी अख्ख्या वर्गाला सांगितलं, हिला शिकवा. पोरांना काय, खेळच मिळाला. "आले, आले, आले" म्हणून वर्ग ओरडायला लागला. शेवटी मी "आले" म्हटलं. हात टम्म सुजला होता. घरी जाताना शेताच्या बांधावर एकटाच बोलत गेलो. आलो. गेलो. बसलो. पळालो. कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून मोठ्याने.

बाप गेला आणि चुलत्यांनी माझं लग्न ठरवलं. पडघ्याचा बिजवर, त्याला दोन मुलं. मी नाही म्हटलं तर आईने मारलं. भगत आणला. त्याने माझ्या नाकाशी मिरच्यांची धुरी धरली आणि अंगातल्या पुरुषाला बाहेर ये म्हणाला. माझ्या अंगात दुसरं कुणीच नव्हतं. मीच होतो.

मी पळालो. लांब कुठे नाही, भिवंडीतच. तीनबत्तीला एका न्हाव्यासमोर बसलो, वेणी मोकळी केली आणि म्हटलं, काप. त्याने एकदा आरशात माझ्याकडे बघितलं आणि कापली.

कामतघरला कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात लागलो. पुरुष म्हणून. भिवंडीत तेव्हा कोण कुठला, कुणी विचारत नसे. यूपीचा, तेलंगणाचा, बिहारचा, माणूस आला की त्याला मशीनवर उभा करायचे. मला काम शिकवलं आझमगढच्या चाचांनी. पांढरी दाढी, कान लूमच्या आवाजाने अर्धे गेलेले, त्यामुळे नेहमी ओरडून बोलायचे. आम्ही सगळे भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, एकाच पंगतीला जेवायचो. मला ते जेवण फार आवडायचं. डाळ पातळ असायची, तरी.

छाती मी मांजरपाटाच्या पट्टीने बांधायचो. घट्ट. पत्र्याचं छप्पर, कापसाचं पीस हवेत, अख्खी शिफ्ट उभं राहायचं. बाकीचे बनियनवर काम करायचे. मी शर्टाची सगळी बटणं लावून. पट्टीखालची कातडी चिघळायची, चिकटायची, सोडताना सोलून निघायची. एका उन्हाळ्यात मी लूमजवळच चक्कर येऊन पडलो. चाचांनी मला उचलून बाहेर नेलं. पाणी मारलं. त्यांचा हात माझ्या पाठीवरच्या गाठीला लागला होता. मला वाटलं, संपलं.

चाचा पहिल्यांदाच हळू बोलले. "बेटा, सीने पे क्या बाँधा है, मैं नहीं पूछूँगा. मगर ढीला बाँध. साँस भी तो लेनी है."

त्यांनी परत कधीही तो विषय काढला नाही.

असं ऑपरेशन होतं, हे मला एका पेपरातल्या बातमीवरून कळलं. शुक्रवारी वीज नसायची, कारखाना बंद. मी शुक्रवारी मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जायला लागलो. पहिल्यांदा त्यांनी मला मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी वेडा नाही, हे सांगायला वेड्यांच्या डॉक्टरकडे. ते डॉक्टर वाईट नव्हते. फक्त त्यांचा एकच उपाय होता.

"लग्न करून बघ. मूल झालं की सगळं बरं होतं."

"आणि नाही झालं बरं तर? त्या मुलाचं काय करू?"

ते माझ्या कागदावर काहीतरी लिहायचे आणि पुढच्या शुक्रवारी परत बोलवायचे. वर्षं गेली. मी खाडे केले नाहीत. एक दिवस ते स्वतःच कंटाळले आणि त्यांनी इंजेक्शनं चालू करायला सांगितलं.

इंजेक्शनांनी माझा आवाज फुटला. बोलता बोलता मध्येच चिरायचा, पोरसवदा मुलांचा चिरतो तसा. चाचांना अर्धं ऐकू यायचं, तरी ते म्हणाले, "गला बैठ गया क्या?" मी म्हटलं, "नहीं चाचा, खुल गया." गालावर पुटकुळ्या आल्या. मी त्या आरशात सारख्या बघायचो. सणाला नवे कपडे आल्यासारखं वाटायचं.

ऑपरेशनची वेळ आली तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, वडिलांची किंवा नवऱ्याची सही लागेल. मी तिशीला आलो होतो. माझ्या जिवावर माझी सही चालत नव्हती. बाप नाही, नवरा नाही. मग कोण? आई.

इतक्या वर्षांनी गावी गेलो. आईने मला दारातून बघितलं. मिशी बघितली. आत गेली. पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही. मी सगळं सांगितलं.

"मना न्हाय पटत," ती म्हणाली. "आनि मेलीस तर?" मग थांबली. "मेलास तर?"

तो एक काना घालायला तिला किती कष्ट पडले, ते मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, तुमच्या मुलीला काय करून घ्यायचंय, समजतंय का तुम्हाला? नंतर बोंब मारायची नाही."

आई कधी डॉक्टरपुढे बोललेली नव्हती. पदर सोडून म्हणाली, "डाक्टर, मना न्हातीधुती व्हायच्या आधी लगनात उभी केली. तवा कुनी इचारलं का मना समजतंय का? तवा कुनाची सही लागली न्हाय. आता ह्यो आपल्या अंगाचं सोता मागतोय, तर तुमाला सही पायजे. द्या, कुठं आंगठा लावायचा?"

त्यानंतर आम्ही वॉर्डाकडे गेलो. त्यानंतर ती पॅसेजमधली खाट.

फक्त छातीचं ऑपरेशन होतं. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर कुणी दगडी पाटा ठेवलाय असं वाटलं. दोन्ही बाजूंनी रबरी नळ्या, त्यातून लाल पाणी बाटलीत. आई खाली सतरंजीवर. कुणी टक लावून बघत उभं राहिलं की ती म्हणायची, "काय बघतो? तुजी आय न्हाय का घरी?" टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी परत विद्यार्थी गोळा केले, माझ्या अंगावर काडीने दाखवत सगळं शिकवलं आणि माझ्याशी एकही वाक्य बोलले नाहीत. मी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

कामतघरच्या खोलीत आलो तर भिंतीपलीकडे लूम चालू. खोली हादरायची, टाक्यांच्या जागा हादरायच्या. हात वर होत नव्हते. आई भरवायची, केस विंचरायची. एका बाजूला पू झाला. एक स्तनाग्र काळं पडलं आणि गळून गेलं. आई रडायला लागली. मी म्हटलं, "राहू दे. काय दूध पाजायचंय?" ती रडता रडता हसली आणि मग मला चापट मारायला हात उचलून तसाच थांबवला. मारायला जागाच नव्हती. चाचा भिशीतून डबा पाठवायचे. तिखट कमी घालायला सांगायचे.

जखम सुकल्यावर आईने मला मोरीत बसवून पहिली अंघोळ घातली. पाणी छातीवरून सरळ पोटावर आलं. कुठे अडलं नाही. मी खोल श्वास घेतला. पट्टी नसताना, कुबड न काढता. श्वास एवढा मोठा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कामावर गेलो. तोवर गावातल्या कुणीतरी आईला खोलीवर बघितलं होतं आणि त्यावरून मला ओळखलं होतं. बातमी माझ्या आधी पोचली.

कारखान्याचा शेठ शेलार गावचा. आमच्याच जातीचा. फरक एवढाच, त्याची शेतं रस्त्याला लागून होती आणि आमची खाडीला. त्याच्या भातावर लूमच्या शेड उभ्या राहिल्या, आमच्या भातात खारं पाणी शिरलं. तो त्या दिवशी दोन मित्रांना घेऊन आत आला. पांढरे कपडे, सोन्याची चेन. त्याने हात वर केला आणि लूम बंद करायला लावले. लूम बंद पडले की कारखान्यात कान बधिर होतात.

"काय रं, लय ऐकलं तुझ्याबद्दल," तो म्हणाला. "सगळे बनियनवर, तूच शर्टात. काढ शर्ट. खरा बाप्या हायस का न्हाय, बघू दे सगळ्यांना."

मित्र हसले. कामगार माझ्याकडे बघत होते. काही जण जमिनीकडे.

आता माझी छाती सपाट होती. शर्ट काढला असता तर त्याचं तोंड बंद झालं असतं. मी पासच झालो असतो. माझा हात वरच्या बटणावर गेलासुद्धा. बटण निघालं.

आणि मला कळलं, मी काय करतोय ते. आज हा. उद्या मुकादम बघणार. परवा पोलीस. प्रत्येकाच्या नाक्यावर मी बटणं सोडत उभा. एवढं कापून घेतलं, पू सोसला, तो ह्याला दाखवायला? माझ्या श्वासासाठी केलं होतं मी ते.

मी बटण परत लावलं.

"शेठ, आधी तुम्ही तुमची पँट काढा."

"काय बोलला?"

"तुम्ही बाप्या आहात, हे मी न बघता मानलं. तसंच माझंही माना."

त्याने कानाखाली मारली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा चाचा ओरडले, "सेठ, मारना नहीं!" एवढंच. बाकी कुणी काम सोडून बाहेर आलं नाही. मला तशी आशाही नव्हती. प्रत्येकाचं घर मुलुखात त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसलेलं. मी डबा उचलला आणि दारातून चालत बाहेर आलो. पळालो नाही.

मग सगळे मला सुरतेला पाठवायला निघाले. चाचा म्हणाले, वहाँ भी लूम है, कोई नहीं जानता. आई म्हणाली, "जा बाबा, तिकडं तुला कुनी वळखत न्हाय." त्यांच्या मायेपोटीच होतं ते. पण मी एकदा पळालो होतो. किती गावं सोडायची? मी काही चोरलेलं नव्हतं.

कित्येक शेडवाल्यांनी मला दारातून परत पाठवलं. शेवटी भिवंडीतच, नारपोलीला, एकाने मशीनवर उभा केला. मी त्याला आधीच सांगितलं, "माझ्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ते खरं की खोटं, मी सांगणार नाही. काम बघा." त्याने काम बघितलं. आई माझ्याजवळ येऊन राहिली.

लोक अजून विचारतात. बाकीची ऑपरेशनं केलीस का? खाली काय आहे? शिकलेले लोक जास्त विचारतात, आणि आपण फार मोठ्या मनाने विचारतोय अशा चेहऱ्याने. मी इथेही ते सांगणार नाही. मी बोललो ते मला बोलायचं होतं म्हणून. माझं अंग मी कुणाच्या शिकवणीसाठी, कुणाच्या खात्रीसाठी, कुणाच्या दयेसाठीही उघडं करणार नाही. मारलं तरी नाही, काम गेलं तरी नाही. याच गावात राहीन, याच रस्त्याने कामावर जाईन. ज्याला हे सोसत नसेल, त्याने आपला रस्ता बदलावा.