मामीनं घातलेली नथ

शरयूवहिनी आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. पण ज्या वर्षी मध्य प्रदेशाची दोन राज्यं झाली, त्या वर्षी त्यांनी सलग सहा महिने खोटं बोलून दाखवलं!

झालं असं, वहिनींना ल्यूपस जुनाच. म्हणजे अंगातली फौज परक्यावर जायची सोडून आपल्याच सांध्यांवर, कातडीवर चालून येते, तसा आजार. त्या वर्षी मूत्रपिंडावर सूज आली. डॉक्टर म्हणाले, "जड गोळ्या द्याव्या लागतील. आधी रक्त तपासू." रक्तात निघाला हिपॅटायटिस बी.

"आता ऐका," डॉक्टरांनी समजावलं, "या गोळ्या फौजेला झोपवतात. फौज झोपली की यकृतात दडलेला हा चोर उठतो. म्हणून त्याच्यावरची गोळी आधी सुरू करायची. यजमानांचंही रक्त तपासा, त्यांना लस द्या. ताटवाटीनं पसरत नाही हो हा, रक्तानं पसरतो."

वहिनींनी ऐकलं सगळं, मनात राहिलं एवढंच, की लोक विचारतील, ही बाई हे कुठून घेऊन आली? कागद गेला शालूच्या घडीत. यकृताची गोळी झाली 'ताकदीची'. आणि पाटणकर बाजारातल्या त्या घरात वहिनींचं ताट वेगळं झालं.

"व्रत आहे," त्या म्हणाल्या.

पुढं वहिनी नोकरीला होत्या त्या सरकारी कचेरीत, कोण कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या लागल्या, वहिनींचं नाव नव्या राज्यातल्या रायपूरच्या यादीत! यजमान लक्ष्मीकांतराव म्हणाले, "अगं, आजाराचा कागद जोड, बदली थांबेल." पण दोन्ही आजार एकाच कागदावर. वहिनी रायपूरला जायला तयार झाल्या, कागद काढायला नाही.

अशात भाची लीलाचा साखरपुडा आला. त्यांच्याकडची रीत अशी, की घराण्याची मोत्यांची नथ आधी मामीनं घालायची, मग तीच भाचीच्या नाकात. लीलाचं नाक आठच दिवसांपूर्वी सराफ्यात टोचलेलं, अजून ओलं.

वहिनींनी नथ घातली, काढताना तार टोचली. तारेवर रक्ताचा थेंब. नणंद सुधाताईंनी नथ पदराला पुसली आणि लीलाची हनुवटी धरली.

"थांबा!" वहिनी ओरडल्या. "ती नथ घालू नका तिला."

"का? तुमचं व्रत नथीलाही लागतं वाटतं?" सुधाताई म्हणाल्या. "सहा महिने आमच्या ताटाला शिवला नाहीत. आता दागिनाही विटाळला?"

बायका हसल्या. वहिनींचे कान तापले.

"ताई, विटाळ माझा आहे. माझ्या रक्तात काविळीचा रोग आहे. ताट सांभाळत बसले मी... आणि नथीचं सुचलंच नाही."

लीलानं नाकावर हात ठेवला. "मामी, पहले बता देतीं ना!"

दारात लक्ष्मीकांतराव पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. "सहा महिने?" ते हळूच म्हणाले. "मग माझंही रक्त तपासायला हवं होतं ना गं?"



साखरपुडा न टोचता बसणाऱ्या दाबाच्या नथीवर झाला. दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीकांतरावांनी तपासणीला रक्त दिलं. देवाच्या दयेनं ते निर्दोष निघालं, लसही टोचली. वहिनींनी कागद अर्जाला जोडला. कचेरीतल्या बाबूनं तो दोनदा वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. रायपूर टळलं.

त्या रविवारी सुधाताई जेवायला आल्या. त्यांनी वहिनींच्या ताटातली अर्धी पोळी तोडली आणि खाल्ली.

"आता तरी गिळा," त्या म्हणाल्या.

वहिनींनी उरलेली अर्धी पोळी उचलली.