मटार सोलणाऱ्या बाई

ठाण्याला एका पिक्चरला गेलेलो. त्यात आधी विश्व जन्माला येतं, मग एक कुटुंब जेवायला बसतं. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाई अंधारात मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या. पडद्यावर तारे फुटले, डोंगर वर आले, समुद्र भरले, तरी त्यांचा हात थांबेना. जेवणाच्या सीनला मात्र थांबला.

पिक्चर सुटल्यावर मी म्हटलं, "मला तर काही कळलं नाही. तुम्हाला?"

"त्या आईने सगळ्यांना वाढलं. ती जेवली का, ते शेवटपर्यंत दाखवलंच नाही," असं म्हणून त्या रिक्षाच्या लायनीत जाऊन उभ्या राहिल्या.

डोंबिवलीला घरी आलो. आईने ताट वाढलं. मी विचारलं, "तू जेवलीस का गं?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.