चौकाची भिंत

"धक्के थांबू देत, मग बांधा," असं जो तो सांगत होता. कधी थांबणार, ते कोणी सांगत नव्हतं.

तलासरीजवळच्या पाड्यावर आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं घर होतं. भूकंपाने त्यांची आतली भिंत पडली आणि मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. त्याच भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढणार होत्या. चौक नसेल तर लग्न लागत नाही. वापीला नोकरी करणारा मावशींचा भाचा म्हणाला, "लग्न पुढे ढकला." मी म्हटलं, "भूकंपाला विचारून?"

रविवारी आम्ही तिघी शिक्षिका डहाणूहून व्हॅन घेऊन निघालो. नव्या भिंतीसाठी घेतलेल्या कारवीच्या काठ्या मागच्या दारातून हातभर बाहेर आलेल्या. हायवेवर ट्रकवाले हॉर्न मारत होते. मारा म्हटलं, खुशाल मारा.

काठ्यांचा कूड उभा राहिला. त्यावर शेणमाती लिंपत असताना जमीन हलली आणि आम्ही सगळ्याजणी अंगणात पळालो. परत येऊन बघतो तर ओल्या लिंपणात आडवी चीर. मावशींनी मातीचा गोळा उचलला आणि चिरेत दाबला. मग आम्हीही दाबत सुटलो.

लग्नाच्या दिवशी त्या पांढऱ्याशुभ्र चौकातून नवा तडा गेलेला होता. भाचा ताट घेऊन माझ्याजवळ आला. "बघा मॅडम, मी सांगत होतो ना?"

"तडा गेलाय, भिंत गेलेली नाही," मी म्हटलं. "पोटभर जेवून घ्या. मग माती कालवायला या."